एमएसडब्ल्यूचं वर्ष उलटं मोजायचं असतं

नोटीस बोर्डावर लावलेली तारीख ही कागद पोचण्याची तारीख असते, काम संपवण्याची नव्हे. कुठल्याही अभ्यासक्रमात हे खरं आहे, पण समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात (एमएसडब्ल्यूत) जरा जास्तच, कारण इथल्या जवळजवळ प्रत्येक कागदावर दुसऱ्या कोणाची तरी सही लागते. फील्डवर्कची, म्हणजे प्रत्यक्ष संस्थेत जाऊन करायच्या कामाची, टाइमशीट त्या संस्थेतल्या सुपरवायझरच्या टेबलावर पडलेली असते, संशोधनाची परवानगी समितीच्या पुढच्या बैठकीवर, आणि केसवर्कची (एकेका व्यक्तीबरोबर किंवा कुटुंबाबरोबर करायच्या कामाची) शेवटची भेट क्लायंटच्या, म्हणजे मदत घेणाऱ्या माणसाच्या, सवडीवर. रात्रभर जागून निबंध लिहिता येतो, सही लिहिता येत नाही.

तेव्हा सत्राच्या पहिल्या आठवड्यात एक साधा तक्ता करायचा. पाच रकाने पुरतात: कागद कोणता, छापील तारीख, आपली तारीख, कोणाच्या सहीवर अडतो, पोच कुठे ठेवली. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये बहुतेक जण फक्त दुसरा रकाना भरतात आणि खरी माहिती चौथ्यात असते. आपली तारीख काढण्याची ढोबळ रीत अशी, की एका सहीमागे तीन कामाचे दिवस धरा. संस्थेचा सुपरवायझर, फील्डवर्कचे प्राध्यापक आणि समन्वयक अशा तीन सह्या असतील तर नऊ कामाचे दिवस, म्हणजे सुट्ट्या धरून जवळपास दोन आठवडे. ३० तारखेचा कागद १६ तारखेला हातात तयार हवा. हे ऐकायला जास्त वाटतं. पण तिघांपैकी एक जण रजेवर असतोच.

तासांचा हिशेब

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फील्डवर्कच्या तासांचा. प्रत्येक ठिकाणची अट वेगळी. अमेरिकेत समाजकार्य शिक्षणाला मान्यता देणारी परिषद पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून किमान ९०० तास मागते. इंग्लंडमध्ये हिशेब दिवसांत होतो: २०० दिवस, त्यातले ३० पर्यंत कौशल्य प्रशिक्षणाचे. तुमचा आकडा फील्डवर्कच्या हस्तपुस्तिकेत असेल, पण गणित सगळीकडे सारखंच फसतं, म्हणून ९०० चंच उदाहरण घेऊ.

चार सत्रं, प्रत्येकी २२५ तास. सत्र पंधरा आठवड्यांचं, म्हणजे आठवड्याला १५ तास, साडेसात तासांचे दोन दिवस. कागदावर अगदी चोख. आता पहिला आठवडा ओरिएंटेशनमध्ये जातो, शेवटचा परीक्षेच्या तयारीत, आणि मधल्या सुट्ट्या मिळून आणखी एक आठवडा सहज जातो. उरले बारा आठवडे, म्हणजे १८० तास. ४५ तास कमी, पूर्ण सहा दिवस. हे सहा दिवस शेवटच्या आठवड्यात भरून काढू म्हटलं तर संस्था ते देत नाही, कारण तेव्हा त्यांच्याकडे तुमच्यासाठी काम नसतं, आणि विभागही बहुधा मान्य करत नाही, कारण एका दिवसात किती तास धरायचे याला कमाल मर्यादा असते. उपाय कंटाळवाणा आहे. बारा आठवड्यांत २२५ तास बसवायचे तर आठवड्याला पावणेएकोणीस तास लागतात, म्हणजे दोन दिवसांना जोडून दर आठवड्याला आणखी अर्धा दिवस. तो अर्धा दिवस पहिल्याच भेटीत सुपरवायझरकडे मागून घ्यावा, सत्र अर्धं सरल्यावर नाही.

दुसरी गळती जेवणाच्या सुट्टीची. टाइमशीटवर ‘१० ते ५:३०’ लिहिलं की साडेसात तास झाले असं वाटतं. जेवणाचा अर्धा तास धरत नाहीत हे नंतर कळतं. दिवसाला अर्धा तास, तीस दिवसांचे पंधरा तास, म्हणजे पूर्ण दोन दिवस हवेत गेले. तेव्हा प्रवासाचा वेळ, जेवण, घरी बसून लिहिलेले रिपोर्ट, संस्थेची स्टाफ मीटिंग, आयसी आणि जीसी (प्राध्यापकांबरोबरची वैयक्तिक आणि गटाची चर्चा), रविवारी झालेलं शिबिर यातलं काय धरतात आणि काय नाही, हे पहिल्या आठवड्यात ईमेलवर विचारा. तोंडी उत्तर मिळालं तर ‘आपल्या बोलण्यानुसार असं समजतो’ अशी दोन ओळींची मेल आपणच टाकायची. समन्वयक बदलला तर तीच मेल कामाला येते.

टाइमशीटची एक ओळ कशी असावी? ‘गृहभेट, १० ते ५:३०’ ही ओळ परत येणार. ‘१०:०० ते १:००, दोन गृहभेटी, केस क ३ व क ७, १:३० ते ४:००, गटाचे चौथे सत्र, ४:०० ते ५:३०, नोंदी व सुपरवायझरशी चर्चा’ ही चालते. क्लायंटचं नाव टाइमशीटवर कधीच नको. हा कागद चार टेबलांवरून फिरतो. आणि सही दर आठवड्याला घ्या. महिन्याच्या सह्या एकदम घेऊ म्हणणाऱ्यांचा सुपरवायझर मधेच नोकरी सोडतो, आणि नव्या माणसाला जुन्या तासांवर सही करायला सांगणं अवघड होऊन बसतं. तो नाही म्हणाला तर चूक त्याची नसते.

प्लेसमेंट, म्हणजे फील्डवर्कसाठी संस्थेतली नेमणूक, सुरू होण्याआधीचे कागद (करारपत्र, चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय दाखला, बालकांच्या संस्थेत जायचं असेल तर बालसंरक्षण धोरणावरची सही) सहा ते आठ आठवडे आधी हलवायला लागा. पडताळणीला किती वेळ लागेल हे तुमच्या हातात नाही, विभागाच्याही नाही. लर्निंग कॉन्ट्रॅक्ट (सत्रात काय शिकणार आणि करणार याचा लेखी करार) तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सही होऊन जायला हवं, कारण मध्यसत्राचं मूल्यमापन त्याच्यावरच होतं. त्यात ‘समुदायाची समज वाढवणे’ असलं उद्दिष्ट लिहिलं तर मूल्यमापनाला कोणी काही मोजू शकत नाही. ‘आठ सत्रांचा एक गट चालवणे आणि प्रत्येक सत्राची नोंद ४८ तासांत देणे’ हे मोजता येतं.

क्लायंटची डेडलाइन

कुठल्याच परिपत्रकात नसलेली एक तारीख आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची: ज्या दिवशी तुम्ही क्लायंटला सांगता की आपलं काम अमुक तारखेला संपणार आहे. सत्र विद्यापीठाचं संपतं, क्लायंटचा प्रश्न नाही. शेवटच्या भेटीत ‘पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही’ असं सांगणं म्हणजे तीन महिन्यांत बांधलेला विश्वास एका वाक्यात मोडणं. ज्या मुलांनी आधीच माणसं गमावली आहेत त्यांच्या बाबतीत तर हे इजा करण्यासारखंच.

पहिल्याच भेटीत शेवटचा महिना सांगून ठेवा. शेवटच्या दिवसाच्या किमान चार आठवडे आधी नेमकी तारीख सांगा, लहान मुलांना कॅलेंडरवर खूण करून दाखवा. तीन आठवडे आधी सुपरवायझरबरोबर बसून प्रत्येक केसचं ठरवा: बंद होणार, संस्थेतल्या कोणाकडे जाणार, की दुसऱ्या सेवेकडे पाठवायची. दोन आठवडे आधी नव्या कार्यकर्त्याला बरोबर घेऊन एक संयुक्त भेट. शेवटच्या आठवड्यात समारोपाची नोंद, ज्यात राहिलेली कामं तारखेसह असतील. संस्था नेमकी या टप्प्यावर गडबडीत असते आणि केस कोणाच्याच नावावर न राहता फाइलमध्ये पडून राहते. संयुक्त भेट झाली असेल तर हे सहसा घडत नाही, कारण क्लायंटला विचारायला एक चेहरा मिळालेला असतो.

गटकार्यात, म्हणजे एका गटाबरोबर घ्यायच्या ठरावीक बैठकांत (त्यांनाही सत्रंच म्हणतात), हाच हिशेब उलटा लावला की डोळे उघडतात. आठ सत्रांचा गट, आठवड्याला एक. परवानगी आणि जागा यात दोन आठवडे, सदस्य निवडून एकेकाशी बोलण्यात एक. मूल्यमापन आणि निरोपाला एक, आणि एखादं सत्र बुडणारच म्हणून एक राखीव. झाले तेरा. विद्यापीठाच्या पंधरा आठवड्यांच्या सत्रात, पहिला आणि शेवटचा वजा केला तर, उरतात तेराच. म्हणजे प्रस्ताव दुसऱ्या आठवड्यात दिला नाही तर आठ सत्रांचा गट बसतच नाही. मग लोक शेवटी एकाच आठवड्यात तीन सत्रं घेतात. रिपोर्टमध्ये आठ सत्रं दिसतात, गट मात्र झालेला नसतो: दोन सत्रांमधल्या आठवड्यात घरी जाऊन सदस्य जे करून बघतात, तेच त्यात गायब असतं. वेळ कमी असेल तर सरळ पाच सत्रांचा गट लिहा. पाच नीट झालेली सत्रं कुठलाही जाणता परीक्षक स्वीकारतो.

नैतिकता समिती

प्रबंधाचं वेळापत्रक कोलमडतं ते लिहिण्यामुळे कमी, परवानगीमुळे जास्त. संशोधनाला परवानगी देणारी ही समिती साधारण महिन्यातून एकदा बसते आणि तिची कार्यसूची बैठकीच्या दहा-पंधरा दिवस आधी बंद होते. तुमचा अर्ज एक दिवस उशिरा गेला तर उशीर एका महिन्याचा. पहिल्या फेरीत दुरुस्त्या न येता मंजुरी मिळणं क्वचित, त्यामुळे अर्ज ते मंजुरी आठ ते दहा आठवडे धरा. सहभागी अल्पवयीन असतील, हिंसा सोसलेल्या स्त्रिया असतील किंवा कोठडीतली माणसं असतील तर त्याहून जास्त.

अर्जाबरोबर लागतात ते कागद: संशोधन आराखडा, माहितीपत्रक, संमतीपत्र, मुलं असतील तर पालकांच्या संमतीबरोबर मुलांचं स्वतंत्र होकारपत्र, मुलाखतीचे प्रश्न, संस्थेचं परवानगीपत्र, बोलताना कोणाला त्रास झाला तर मदत कुठे मिळेल त्याची यादी, आणि माहिती कुठे, किती काळ ठेवणार, कधी नष्ट करणार याचं टिपण. परत येणाऱ्या अर्जांमध्ये त्याच त्या चुका दिसतात. संस्थेच्या पत्रावर तारीख नसते, किंवा पत्रात तुमचा जुना विषय असतो. माहितीपत्रकात ‘मुलाखत ३० मिनिटांची’ आणि आराखड्यात ‘४५ ते ६०’. संमतीपत्र अशा मराठीत, की सही करणाऱ्याला आपण कशाला हो म्हणतोय ते कळू नये.

या शेवटच्या चुकीवर थोडं थांबतो. ‘सदर अभ्यासातील आपला सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असून आपण कोणत्याही टप्प्यावर माघार घेण्यास मुक्त आहात’ हे इंग्रजी नमुन्याचं भाषांतर आहे आणि मोठ्याने वाचलं तरी डोक्यात शिरत नाही. ‘यात भाग घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं. मधेच थांबावंसं वाटलं तर सांगा, कारण द्यायची गरज नाही. नाही म्हणालात तरी संस्थेकडून मिळणारी मदत चालूच राहील’ ही तीन वाक्यं तेच सांगतात. शिवाय त्यातलं तिसरं पहिल्या नमुन्यात नव्हतंच, आणि क्लायंटला खरी भीती त्याचीच असते. भाषांतर झाल्यावर मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घ्या. अर्थ कुठे घसरला ते लगेच दिसतं.

स्वतःच्याच क्लायंटच्या मुलाखती घेण्याचा मोह आवरा. ज्याच्याकडून मदत मिळते त्याला नाही म्हणणं कोणालाही जड जातं, त्यामुळे ती संमती मोकळी राहत नाही. समिती हे विचारतेच. त्याच प्लेसमेंटमध्ये अभ्यास करायचा असेल तर सहभागी दुसऱ्या कोणी निवडावेत, निदान तुमच्या केसलोडबाहेरचे, म्हणजे तुमच्याकडे नसलेल्या केसेसमधले, असावेत. आणि मंजुरीपत्रावरच्या तारखेआधी घेतलेली एकही मुलाखत वापरता येत नाही, कितीही चांगली झालेली असो. नंतर ‘मागील तारखेने’ मंजुरी मिळत नाही. प्रश्न बदलले तर दुरुस्तीचा अर्ज वेगळा करावा लागतो, त्याचेही दोन-तीन आठवडे धरा.

मंजुरीनंतरचं गणित सोपं, पण निष्ठुर. बारा मुलाखती, प्रत्येकी पाऊण तास, मिळून नऊ तासांचं रेकॉर्डिंग. एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला हाताने पाच तास धरले तर पंचेचाळीस तास झाले, अजून एकही कोड (मजकुरातल्या मुद्द्याला द्यायचं नाव) लावलेला नाही. मुलाखत झाली की दोन दिवसांत उतरवा, म्हणजे हावभाव, शांतता, मधेच कोण खोलीत आलं होतं हे आठवणीत असतं. मार्गदर्शक एक प्रकरण वाचायला आठ-दहा दिवस घेतात. पाच प्रकरणं एकदम दिली तर दहा दिवसांत पाच वाचून होत नाहीत, हे सांगावं लागू नये, पण दर वर्षी लागतं.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, त्याला तो अर्थहीन अक्षरांचा ढीग दिसतो. शेवटच्या आठवड्यात रूपांतर करायला गेलं की जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी सरकतात, आणि दीडशे पानं डोळ्यांनी तपासावी लागतात. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करा, टायपिंग बाहेर देणार असाल तर ही अट आधी सांगा.

दिवस साजरे करताना

वर्षभरातल्या कार्यक्रमांच्या तारखा बहुतेक ठरलेल्या असतात, त्यामुळे त्या अचानक आल्या असं म्हणायला वाव नाही. जागतिक समाजकार्य दिन मार्चच्या तिसऱ्या मंगळवारी असतो, म्हणून तारीख दर वर्षी १५ ते २१ च्या दरम्यान सरकते: २०२६ मध्ये १७ मार्च, २०२७ मध्ये १६ मार्च. १० सप्टेंबर आत्महत्या प्रतिबंध दिन, १ ऑक्टोबर ज्येष्ठ नागरिकांचा, १० ऑक्टोबर मानसिक आरोग्याचा, २० नोव्हेंबर बालकांचा (१९५९ चा बालहक्कांचा जाहीरनामा आणि १९८९ चा करार, दोन्ही याच तारखेचे). २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे स्त्रियांवरील हिंसेविरोधातले सोळा दिवस, १९९१ पासून पाळले जाणारे. ते १० डिसेंबरला संपतात कारण १९४८ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा त्या दिवशी मंजूर झाला. याच पंधरवड्यात १ डिसेंबर एड्स दिन आणि ३ डिसेंबर अपंग व्यक्तींचा दिनही येतो. सत्र डिसेंबरात संपत असेल तर समारोपाच्या भेटी, रिपोर्ट आणि हे सगळे कार्यक्रम एकमेकांवर आदळतात. यातला एक दिवस निवडा. चारही हाती घेणाऱ्या वर्गाचे चारही कार्यक्रम फलक आणि फोटो यापुढे जात नाहीत.

एका कार्यक्रमाला पाच आठवडे लागतात: पहिल्यात संस्थेची लेखी परवानगी, दुसऱ्यात वक्ता आणि जागा, तिसऱ्यात खर्चाची मंजुरी, चौथ्यात निमंत्रणं, पाचव्यात तालीम. हे तास फील्डवर्कमध्ये धरणार का, हे आधी विचारा. फोटोसाठीची संमती वेगळी घ्या. कार्यक्रमाला आलेला माणूस फोटोला हो म्हणालेला नसतो, आणि आत्महत्या प्रतिबंध किंवा एचआयव्हीच्या कार्यक्रमात नुसतं तिथे दिसणंही त्याला महाग पडू शकतं.

परिषदांचं वेळापत्रक याहून लांबचं. समाजकार्याच्या जागतिक संघटनांची संयुक्त परिषद २०१० ला हाँगकाँग, २०१२ ला स्टॉकहोम, २०१४ ला मेलबर्न, २०१६ ला सोल, २०१८ ला डब्लिन अशी दर दोन वर्षांनी भरत आली. समाजकार्याची आजची जागतिक व्याख्या मेलबर्नला स्वीकारली गेली, नैतिक तत्त्वांचं निवेदन डब्लिनला. अशा परिषदांचा सारांश पाच ते आठ महिने आधी मागवतात, शब्दमर्यादा सहसा २५० ते ३००. तेव्हा तुमची माहिती गोळा झालेली नसेल तर ‘निष्कर्ष सादर केले जातील’ असं लिहिण्यापेक्षा पद्धतीवर किंवा प्रत्यक्ष कामातल्या अनुभवावर सारांश द्या. दोन तारखा लोक विसरतात. सारांश स्वीकारला गेला तरी सादरकर्त्याने अमुक दिवसापर्यंत नोंदणी शुल्क भरलं नाही तर नाव कार्यक्रमपत्रिकेतून जातं. आणि रात्री ११:५९ म्हणजे कुठले ११:५९, ते पाहावं. ‘एओई’ (एनीव्हेअर ऑन अर्थ) लिहिलं असेल तर जगात कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत मुदत आहे, म्हणजे यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) दुसऱ्या दिवशी सकाळी ११:५९ पर्यंत. तसं लिहिलेलं नसेल तर आयोजकांची स्थानिक वेळ धरा. ती तुमच्या आधी संपलेली असू शकते.

शिफारसपत्रं तीन ते चार आठवडे आधी मागा, आणि मागताना एकाच मेलमध्ये बायोडेटा, अर्जाची लिंक, शेवटची तारीख आणि त्यांच्या हाताखाली केलेल्या दोन-तीन कामांच्या ओळी द्या. संस्थेच्या सुपरवायझरकडून पत्र हवं असेल तर प्लेसमेंट संपायच्या आत विचारा. सहा महिन्यांनी त्यांच्याकडे तुमच्यानंतरचे दोन विद्यार्थी येऊन गेलेले असतात.

शेवटच्या सत्रात एक अर्ज नेहमी राहतो, तो पदवीचा. सगळे विषय पास झाले की पदवी आपोआप मिळते असा समज आहे. बहुतेक विद्यापीठांत त्यासाठी वेगळा अर्ज असतो, त्याची मुदत निकालाच्या बरीच आधी संपते आणि चुकली तर पुढच्या समारंभापर्यंत थांबावं लागतं. भरताना नावाचं स्पेलिंग जुन्या गुणपत्रिकेशी एकेक अक्षर पडताळा, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनावातलं एखादं जास्तीचं ‘ए’ सुद्धा. नोंदणी किंवा परवान्याच्या अर्जाला तेच नाव लागतं, आणि दुरुस्तीच्या अर्जावर पुन्हा तीन सह्या असतात.